पिठाच्या डब्यातला फोन आणि सहा लिफाफ्यांतला कॉम्प्युटर

तीर्थरूप आक्का,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली मी तो कागदावरच घालतो, गोड मानून घे). भाऊजींनाही सांग, आणि जरा मोठ्याने सांग. त्यांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बदलली की नाही? मागे भेटलो तेव्हा मी त्यांना पाऊण तास माझ्या पित्ताची हकिकत ऐकवली आणि शेवटी त्यांनी पाठ थोपटून माझं अभिनंदन केलं. तुझ्या डोळ्यांत थेंब घालायचे ते घालतेस ना? डॉक्टरांनी दोन सांगितले की दोनच. बाटली लवकर संपावी म्हणून तू चार घालतेस, हे मला ठाऊक आहे. इकडे सर्व क्षेम आहे. हेडबाई (म्हणजे तुझी भावजय, शाळेतून निवृत्त झाल्या, घरातून नाही) ठणठणीत आहेत, लेक-जावई मजेत आहेत, आणि मी जसा होतो तसाच आहे.

फोनवर दोन मिनिटांत झालं असतं ते लिहायला चार पानं कशाला, असं तुला वाटलं असेल. फोन आहे, पण तो पिठाच्या डब्यात आहे. पीठ दुसरीकडे हलवलंय, डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय आणि स्टूल हेडबाईंच्या ताब्यात आहे. गेले दोन महिने मी बिनफोनाचा माणूस आहे. माझ्यासाठी कोणाचा फोन आला की हेडबाई स्टुलावर चढतात, डबा उघडतात, ‘हो, आता बरे आहेत’ एवढंच सांगतात आणि झाकण लावतात. त्यांचा आवाज असा असतो की पलीकडच्याला मी अंथरुणाला खिळलोय असंच वाटावं. परवा माझा एक जुना सहकारी हातात फळांची पिशवी घेऊन आला आणि मी स्वतः दार उघडलेलं पाहून बराच नाराज झाला.

गुन्हा काय घडला तोही सांगतो. मला एक निरोप आला, की तुमचं पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे गोदामात पडून आहे, खालच्या निळ्या ओळीवर बोट लावा. मी काही मागवलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण आक्का, पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं भांडारपाल म्हणून काढलेला माणूस मी. गोदामात बेवारस माल पडलाय म्हटलं की मला स्वस्थ बसवत नाही. लावलं बोट. त्यांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली. रक्तगट विचारला नव्हता, तो मी आपण होऊन लिहिला (त्याशिवाय फॉर्म अर्धवट वाटत होता). पंधरा मिनिटांत माझ्या फोनमधल्या चारशे बारा माणसांना माझ्या नावाने निरोप गेला, की मी परगावच्या बसस्थानकावर अडकलोय, पाकीट हरवलंय, कोणीतरी ताबडतोब मदत करा. मी त्या वेळी घरात पंख्याखाली घोरत होतो. बहुतेकांनी त्या निरोपाला अंगठा दाखवला, काहींनी जोडलेले हात पाठवले, आणि आमच्या खात्याच्या माजी मुख्य अभियंत्यांनी गुलाबाचं फूल पाठवलं.

मग घरात रीतसर चौकशी बसली. हेडबाई अध्यक्ष, लेक सचिव, जावई (दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे समोरच्याला तोंड उघडू देतात पण बोलू देत नाहीत) सदस्य. निकाल असा लागला, की फोन जप्त. मी सायबर सुरक्षेची शिकवणी लावावी, परीक्षा पास व्हावी, मगच फोन परत. तुला हसू येईल, पण मला ते फार लागलं. ज्याच्या कमरेला एकतीस वर्षं भांडाराच्या किल्ल्यांचा जुडगा होता, त्याला आता स्वयंपाकघरातलं स्टूल मिळत नाही. गल्लीच्या टोकाला जातो म्हटलं तरी लेक विचारते, ‘बाबा, कोणी काही विचारलं तर सांगणार नाही ना?’ तेव्हाच मनाशी ठरवलं, पास होऊन फोन परत मिळवायचाच.

शिकवणी छापखान्याच्या माडीवर भरते. शिकवणारी मास्तरीणबाई आपल्या लेकीपेक्षा लहान आहे, पण पहिल्याच तासाला तिने माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला पासवर्ड पाहिला आणि वहीच उलटी करून ठेवली. तिचं म्हणणं असं, की चोर कुठून शिरतो ते कळल्याशिवाय कडी कुठे लावायची ते कळत नाही. म्हणून घरी सरावाचं एक यंत्र हवं. त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात तीन-चार लुटुपुटूचे कॉम्प्युटर वसवायचे, त्यातल्या एकाने दुसऱ्यावर हल्ला करायचा, तिसऱ्याने पाहत बसायचं, आणि हे सगळं बाहेरच्या जगाशी तार न जोडता, कडीकुलपात. (आपल्या जुन्या घरातले तीन पोटभाडेकरू आठव. तसंच, फक्त इथे भांडणं मुद्दाम लावायची.) इतक्या बिऱ्हाडांना जागा हवी म्हणून तिने यादी दिली. जास्त कोअरचा प्रोसेसर, त्याला जुळणारा मदरबोर्ड, जुळणारी बत्तीस जीबी मेमरी, वेगवान डिस्क, साधंसंच ग्राफिक्स कार्ड, हवा खेळती राहील अशी कॅबिनेट आणि चांगल्या दर्जाचा पॉवर सप्लाय. ‘जुळणारा’ या शब्दाखाली तिने दोन्ही वेळा दोन-दोन रेघा मारल्या होत्या. मला वाटलं, पेन अडकत असेल. यादी घरी आल्यावर जावयांनी खाली बारीक अक्षरात ‘हलकं गेमिंग’ असं लिहिलं आणि मान वर न करता पुढे सरकवली.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, आणि ती माझी होती हे आधीच कबूल करतो. आमच्या भांडारात एक शिस्त होती. कुलूप एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, नोंदवही तिसऱ्याकडे, आणि आत काय आहे हे एकट्या कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे एकतीस वर्षांत आमच्याकडून एक वॉशरही चोरीला गेला नाही. (कोणाला मिळालाही नाही. एकदा भर उन्हाळ्यात अर्ध्या शहराचं पाणी बंद असताना व्हॉल्व्ह आत आणि आम्ही तिघं बाहेर, असे नऊ दिवस काढले होते. पण तो वेगळा विषय.) मी म्हटलं, साधा पंखा घ्यायचा असता तर गोष्ट निराळी. हे सुरक्षेचं यंत्र आहे. ते आत कसं आहे हे एकाच माणसाला कळलं आणि तो माणूस निळ्या ओळीवर बोट लावणारा निघाला, तर काय घ्या? म्हणून प्रत्येक भाग वेगळ्या माणसाने आणायचा, कोणी काय आणलं हे कोणाला सांगायचं नाही, सगळं बंद लिफाफ्यात आणि बंद खोक्यात, आणि ठरलेल्या रविवारी जेवणाच्या टेबलावर एकदम उघडायचं. हेडबाईंना ही योजना आवडली. माझी योजना त्यांना आवडण्याचा लग्नानंतरचा हा दुसरा प्रसंग, त्यामुळे मीही भारावून गेलो.

सहा लिफाफे केले. मदरबोर्डवर सगळं बसतं असं मास्तरीणबाई म्हणाली होती, म्हणजे ती मानाची वस्तू, ती व्याह्यांकडे देणं भाग होतं. प्रोसेसर म्हणजे डोकं, ते हेडबाईंकडे. जावई रुसू नयेत म्हणून ग्राफिक्स कार्ड त्यांच्याकडे. लेक घरात येणारी प्रत्येक वस्तू टेप लावून मोजते, तिला कॅबिनेट. आतली उष्णता बाहेर काढण्याचं काम शेजारच्या नळवाल्याला दिलं, कारण गळती या विषयावर आमच्या ओळखीत त्याच्याएवढा अधिकारी माणूस नाही. मेमरी आणि डिस्क माझ्याकडे आली. पॉवर सप्लायचा लिफाफा मी केलाच नाही. यादीत त्या ओळीवर आल्यावर माझं पेन आपोआप पुढे गेलं, कारण आमच्या खात्यात वीज हा विषय कधीच नव्हता. त्याचं वेगळं खातं होतं, वेगळी इमारत होती, आणि त्यांचं आमचं बोलणं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस घरात जो गुप्तपणा चालला तो तू पाहायला हवा होतास. जेवताना कोणी कोणाकडे बघत नसे. व्याही (चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढताहेत, अजूनही बोलताना आपली हनुवटी धरून किंचित डावीकडे वळवतात) आले की खोकं कोटाखाली लपवून आणायचे आणि पोट सुटलंय म्हणून सांगायचे. लेक कुठलीशी खूण केलेली दोरी घेऊन फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये उभी राहायची आणि मी आलो की दोरीने केस बांधायची. नळवाला जिन्यात भेटला की नुसता डोळा मिचकवायचा. हेडबाई मात्र निर्विकार होत्या. अधूनमधून स्टुलावर चढायच्या, डब्यात डोकवायच्या, एक उसासा टाकायच्या आणि उतरायच्या. मला वाटलं, माझ्या फोनची दया येत असेल.

रविवार उजाडला. सहा खोकी टेबलावर मांडली, हेडबाईंनी हजेरी घेतली. पहिलं खोकं लेकीचं. कॅबिनेट गोंडस होती, पांढरीशुभ्र, फ्रिजशेजारच्या फटीत केसभरही इकडेतिकडे न होता बसेल अशी, मिक्सरपेक्षा थोडी मोठी. त्यानंतर जावयांनी आपलं खोकं उघडलं आणि त्यातून कोपरापासून बोटांपर्यंत लांब, तीन पंख्यांचं कार्ड बाहेर काढलं. ते इतकं जड होतं की वाकू नये म्हणून सोबत एक टेकू आला होता. लेकीने दोरी लावून पाहिली. कार्ड कॅबिनेटमध्ये घालायचं तर निम्मं बाहेर राहणार होतं. मी जावयांना म्हटलं, आपण हलकं गेमिंग लिहिलं होतं ना? ते शांतपणे म्हणाले की हलकं आपल्याला वाटलं पाहिजे, त्यासाठी कार्डाने जड असावं लागतं. दाढ काढतानाही ते असंच काहीसं सांगतात म्हणे.

नळवाल्याने तर कमाल केली होती. कॉम्प्युटरमध्ये पाणी खेळवून तो थंड ठेवण्याची सोय असते, हे त्याला दुकानात कळलं आणि त्याचा जन्म सार्थकी लागला. दोन रबरी नळ्या, एक पंप आणि फूटभराहून लांब, तीन पंख्यांची जाळी असं दुकानातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याने आणलं होतं. फक्त त्या कंपनीने मधे कुठेही पाणी बंद करायची सोय ठेवली नाही, याचा त्याला मनापासून राग आला होता, म्हणून पितळी कॉक आणि टेपची गुंडाळी तो घरून घेऊन आला होता. मी आणलेली मेमरी चार ठिकाणी लावायची तिथे आठ निघाली, कारण सुटा माल मी आयुष्यात उचलला नाही. शिवाय ती जुन्या साठ्यातली होती. पाच-सहा वर्षं दुकानात टिकलेला माल म्हणजे पारखलेला माल, अशी माझी समजूत. बोर्डाच्या फटीत ती बसेना. तिची खाच एकीकडे आणि बोर्डाचा उंचवटा दुसरीकडे. नळवाला म्हणाला, काका, किंचित घासू का? त्याच्या हातातली कानस हेडबाईंनी काढून घेतली.

पण खरा पेच प्रोसेसर आणि मदरबोर्डचा. व्याह्यांनी दुकानातले सगळे बोर्ड काळ्या कापडावर ठेवून फोटो काढले होते आणि ज्याचा फोटो सगळ्यात चांगला आला तो घेतला होता. दिसायला तो खरंच देखणा, कडेने रंगीत दिवे. हेडबाईंनी प्रोसेसर प्रवेश-परीक्षा घेऊन निवडला होता. दुकानदाराला सगळे एका ओळीत मांडायला लावले, तासभर प्रश्न विचारले, आणि शेवटी उत्तीर्ण झालेल्यापुढे वहीत शेरा लिहिला, ‘हुशार आहे, पण लवकर तापतो.’ हा हुशार विद्यार्थी त्या देखण्या बोर्डावर बसायला तयार होईना. दोघांची कंपनीच वेगळी, बैठकच वेगळी. आता चूक कोणाची म्हणायची? व्याह्यांची वस्तू मानाची, आणि हेडबाई चुकल्या असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मग दोघांनी एकमेकांना मोठेपणा द्यायला सुरुवात केली. व्याही म्हणाले, बाई, तुमचंच बरोबर, माझाच बोर्ड परत करतो. हेडबाई म्हणाल्या, छे, छे, तुम्ही इतक्या हौसेने आणलाय, माझाच प्रोसेसर जाऊ दे. हे तासभर चाललं. प्रत्येक वाक्याला आवाज अधिक गोड आणि चेहरा अधिक लाल होत गेला. लेक मधे पडली तर दोघंही तिच्यावरच घसरले.

तेवढ्यात जावयांनी सहज विचारलं, की याला करंट कुठून येणार? सगळ्यांनी आपापल्या खोक्यात पाहिलं, मग एकमेकांच्या खोक्यात पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी वीजखात्याविषयी बोलायला सुरुवात केली, पण ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

आणि त्याच वेळी दारावरची बेल वाजली. दारात पार्टवाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा दुकानदार, उभा. बगलेत पॉवर सप्लायचं खोकं, पायाशी दोन पिशव्या. त्याला पाहून खोलीतली सहाही माणसं दचकली, कारण प्रत्येकाला वाटलं हा आपला गुप्त दुकानदार. गावात सुट्या भागांचं दुकानच एक आहे, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही सहा जण पंधरा दिवसांत पाळीपाळीने त्या माणसाकडे गेलो होतो, आणि कशासाठी हवंय असं त्याने विचारलं की सहाही जणांनी इकडेतिकडे पाहून, ते सांगता येणार नाही, असं उत्तर दिलं होतं. चौथ्या माणसानंतर त्याला टोळीचा संशय आला होता म्हणे. नळवाल्याने पितळी कॉक बसेल का असं विचारल्यावर तो संशय गेला. सगळ्या यंत्राची संपूर्ण माहिती जगात एकाच माणसाला होती आणि तो माणूस आमच्या घरचा नव्हता.

मी त्याला विचारलं, आम्ही एकाच घरचे हे कळलं कसं? तो म्हणाला, ‘काका, वॉरंटीसाठी सगळ्यांनी एकच नंबर दिला. तुमचा.’ आता बघ, प्रत्येकाने मनाशी विचार केला होता, की आपला नंबर कशाला धोक्यात घाला, ह्यांचा तसाही बाद झालेला आहे. त्यामुळे प्रत्येक खरेदीचा निरोप, भागाच्या नावासकट, आकारासकट, पिठाच्या डब्यात येऊन पडत होता. म्हणजे पंधरा दिवस तो स्टुलावरचा उसासा माझ्या फोनसाठी नव्हता. आम्ही सगळे एकदम हेडबाईंकडे वळलो. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, ‘मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं की यातलं काही कशात बसणार नाही. पण लिफाफा बंद होता. नियम म्हणजे नियम.’ दुकानदाराने शेवटी त्याच नंबरवर कळवळून विचारलं होतं, की रविवारी मी येऊ का, आणि त्यांनी ‘या’ एवढंच उत्तर दिलं होतं. त्याला बोलावू नये असा नियम मी केलेला नव्हता.

पुढचे तीन तास पार्टवाल्याने आमच्या टेबलावर काम केलं, आणि खरं सांगतो, जुळणाऱ्या वस्तू एकमेकांत बसताना जो बारीक ‘टक’ आवाज येतो तो ऐकून मला एकतीस वर्षांची नोकरी वाया गेल्यासारखं वाटलं. हेडबाईंचा प्रोसेसर राहिला. व्याह्यांचा बोर्ड गेला, पण बदली आलेल्यालाही रंगीत दिवे आहेत आणि त्याचा फोटो त्यांनी स्वतः काढलाय. माझ्या आठ पट्ट्या जाऊन दोन आल्या. जावयांना साधं कार्ड मिळालं, तेव्हा ते म्हणाले, दुखलं नाही. नळवाला मात्र पाण्याची जाळी काही केल्या परत देईना, डोळ्यांत पाणी आणलं त्याने, म्हणून ती ठेवली आणि ती मावेल अशी कॅबिनेट घेतली. ती आता फ्रिजच्या जागी उभी आहे आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत सोफ्याशेजारी आहे. पाहुण्यांना बसल्या जागेवरून थंड पाणी घेता येतं.

अभ्यासाचं म्हणशील तर बरा चाललाय. पहिला गृहपाठ होता, आपल्याच पोटभाडेकरू कॉम्प्युटरमध्ये घुसून दाखवा. मला काही धीर होईना. दुसऱ्याच्या यंत्रात विनापरवाना कसं शिरायचं? यंत्र माझंच होतं, पण म्हणून काय झालं. मग मी मालक या नात्याने माझ्याच नावे अर्ज घेतला, त्यावर ‘नियमानुसार मंजूर, फक्त आज दुपारी दोन ते चार’ असा शेरा मारून सही केली, आणि मगच घुसलो. (चारला पाच कमी असताना आपण होऊन बाहेर आलो.) मास्तरीणबाईंनी तो अर्ज वर्गात वाचून दाखवला. मला वाटलं, आता चेष्टा होणार. पण तिने सांगितलं, की या धंद्यात चोर आणि पहारेकरी यांच्यात फरक फक्त त्या लेखी परवानगीचा असतो, आणि आजपर्यंत तिच्या एकाही विद्यार्थ्याने न सांगता ती घेतलेली नाही. आक्का, निवृत्तीनंतर माझ्या अर्जाला पहिल्यांदाच कोणीतरी चांगलं म्हणालं.

हलकं गेमिंगही चालू आहे, पण ते जावयांचं नव्हे. मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ घातलाय, तो हेडबाई रोज संध्याकाळी खेळतात. वेगमर्यादा पाळतात, वळताना दिवा दाखवतात, मागून कोणी आलं की गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ देतात. दर वेळी शेवटचा नंबर येतो आणि दर वेळी त्या समाधानाने उठतात, की गाडीला ओरखडासुद्धा नाही. परवा एकदा समोरचे सगळेच एकमेकांवर आपटल्यामुळे त्या तिसऱ्या आल्या, तेव्हा मात्र कपाळाला आठ्या होत्या.

परीक्षा येत्या शुक्रवारी संपते. लेखी झाली, यंत्राचं काम झालं, आता एकच बारीकसा भाग राहिलाय. तो जमला की फोन माझा. तू प्रकृतीला जप, जिना चढताना कठडा धर, आणि इकडची काळजी करू नकोस.

तुझा आज्ञाधारक (आणि आता अर्धशिक्षित),
धाकटा

ता. क. – पाकिटात एक छापील फॉर्म घडी करून ठेवलाय. औषधाबरोबर येणारा कागद समजून टाकू नकोस. तळाशी फुली केलीय तिथे तुझी सही हवी, आणि तो गुरुवारपर्यंत पोचायला हवा. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. वरची चार पानं धीर होईपर्यंत झाली.

ता. क. २ – तो बारीकसा भाग असा. प्रत्येकाने आपल्या घरातली सगळ्यात कच्ची जागा शोधायची, म्हणजे जी व्यक्ती फसव्या निरोपाला हमखास फसेल ती, तिला समजावायचं आणि लेखी घ्यायचं. मी माझंच नाव लिहिलं होतं. मास्तरीणबाईंनी ते खोडलं आणि विचारलं, की त्या दिवशी तुमच्या नावाच्या निरोपाने प्रत्यक्ष हललं कोण? घरच्या सगळ्यांनी तुझं नाव सांगितलं. ते सांगणारच. तू त्या दिवशी भाऊजींनाही न कळवता बस पकडून त्या परगावच्या स्थानकावर गेलीस, माझा स्वेटर आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन दोन तास बाकावर बसलीस, आणि चौकशीच्या खिडकीतल्या माणसाकडून माझ्या नावाचा पुकारा करवलास, की धाकट्या, आक्का आली आहे, खिडकीपाशी ये. त्या भल्या माणसाने तिसऱ्या पुकाऱ्यानंतर आमच्याकडे फोन लावला, तेव्हा मला झोपेतून उठवलं. फोन जप्त झाला तो यासाठी, रक्तगटासाठी नव्हे. हेडबाई मला एवढंच म्हणाल्या, ‘आक्कांना वाटेत काही झालं असतं तर?’ फॉर्मवर लिहिलंय, की यापुढे या इसमाच्या नावाने मदतीचा निरोप आला तर आधी खात्री करीन आणि तोवर घराबाहेर पाऊल टाकणार नाही. खाली ठळक सही कर.

ता. क. ३ – हेडबाई बाहेर जाणारं प्रत्येक पत्र तपासतात. त्यांनी हे तपासून परत दिलंय, आणि आता पाकीट चिकटवायच्या आधी, त्या शर्यतीत असताना, घाईने लिहितो. सही कर, म्हणजे मी पास होईन. पण चारशे बारा माणसांकडे मी मदत मागितली, तेव्हा चारशे अकरा जणांनी अगदी नियमाप्रमाणे केलं. मास्तरीणबाईंनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. आक्का, सही कर, पण खात्रीबित्री करत बसू नकोस.